त्रिएस्ते येथील पंधरा दिवस

इटलीस जाऊन आलेल्या मनुष्यानें रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस यांविषयीं बोलावें, अशी ऐकणारांची अपेक्षा असते. मी या तिहींपैकीं एकही शहर पाहिलें नाहीं. व्हेनिसच्या विमानतळावर उतरलों, जवळच्या मेस्त्रे स्थानकावर आगगाडींत बसलों, आणि सुमारें दोन तासांनीं ज्या गांवीं पोंचलों त्याचें नांव आमच्या वाईंत दहा सुशिक्षितांस विचारलें, तर नऊजण 'हें कोठें आलें?' म्हणून उलट प्रश्न करतील. वाचकांनीं नकाशा उघडून इटलीचा तो सुप्रसिद्ध बूट पाहावा. बुटाच्या पाठच्या अंगास एड्रियाटिक समुद्र आहे. तो समुद्र उत्तरेस जेथें संपतो तेथें, उजव्या कोपऱ्यांत, स्लोव्हेनियाच्या सरहद्दीला अगदीं खेटून, त्रिएस्ते नांवाचें सुमारें दोन लक्ष वस्तीचें शहर वसलेलें आहे. मागें चुनखडीच्या दगडाचें उंच पठार, पुढें समुद्र, आणि या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या उतारावर घरें, असा त्याचा थाट. त्या पठाराचें नांव कार्सो. भूगोलाच्या पुस्तकांत चुनखडीच्या गुहांच्या प्रदेशाला 'कार्स्ट' म्हणतात, तो शब्द याच पठारावरून जगभर गेला.

शहर इटलीचें, परंतु त्याचा चेहरा इटालियन नाहीं. पांचशें वर्षांहून अधिक काळ तें ऑस्ट्रियाच्या हॅब्सबुर्ग घराण्याकडे होतें. १७१९ सालीं सम्राट सहावा चार्ल्स यानें त्याला खुलें बंदर म्हणून जाहीर केलें, आणि ग्रीक, सर्ब, यहुदी, जर्मन असे नाना जातींचे व्यापारी येऊन तेथें राहिले. त्यांचीं निरनिराळीं प्रार्थनामंदिरें आजही एकमेकांपासून हांकेच्या अंतरावर उभीं आहेत. पहिल्या महायुद्धानंतर तें इटलीकडे गेलें. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ पासून १९५४ पर्यंत तर तें कोणाचेंच नव्हतें. 'स्वतंत्र प्रदेश' असें नांव देऊन इंग्रज व अमेरिकन सैन्यानें शहराचा कारभार चालविला. आपल्याकडील जुन्या मंडळींस या बंदराची एक ओळख निश्चित होती. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं मुंबईहून विलायतेस जाणारे अनेक प्रवासी 'लॉइड त्रिएस्तिनो' कंपनीच्या बोटींनीं जात, ती कंपनी याच गांवची. तिचा टोलेजंग वाडा मुख्य चौकांत अद्याप उभा आहे. त्या चौकाला तीन बाजूंस प्रासाद असून चौथी बाजू समुद्राला मोकळी सोडलेली आहे. एवढा मोठा चौक आणि त्याची एक भिंत म्हणजे साक्षात् सागर, हा प्रकार मीं दुसरीकडे पाहिला नाहीं.

परंतु मी चौक पाहावयास गेलों नव्हतों. माझी धाकटी कन्या तेथें संशोधन करीत होती. तिला भेटावें, आणि जमल्यास तिच्या मनांत काय आहे तें समजून घ्यावें, एवढाच हेतु होता. पुण्यास एम्. एस्सी., बंगळुरास पीएच्. डी., मग दोन वर्षें जर्मनींत आणि दोन वर्षें येथें, असा तिचा प्रवास. या दोन-दोन वर्षांच्या नेमणुकांना 'पोस्टडॉक' म्हणतात. काम संपत आलें कीं पुढच्या नेमणुकीसाठीं पुन्हां अर्ज, पुन्हां नवें गांव, पुन्हां नवी भाषा, पुन्हां घरमालकाची ओळख. जुन्या काळीं विद्यार्थी काशीस बारा वर्षें राहत असे, पण तो एकाच गुरूच्या दारीं राहत असे. वय चौतीस झालें तरी जिचें कपाट दोन पेट्यांपलीकडे वाढलें नाहीं, तिच्या आईला रात्रीं झोंप कशी यावी? त्यांतच महाराष्ट्रांतील एका विद्यापीठाचें नेमणुकीचें पत्र तिला आलेलें होतें, आणि २०२५ च्या जानेवारीअखेर होकार किंवा नकार कळवावयाचा होता. मी निघालों तो जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यांत.

तिची संस्था शहरापासून कांहीं मैल अलीकडे, मिरामारे नांवाच्या टेकडीच्या उतारावर आहे. इंग्रजीच्या आद्याक्षरांवरून तिला सारे 'आय्. सी. टी. पी.' म्हणतात, आपण तिला 'सैद्धान्तिक भौतिकशास्त्राचें आंतरराष्ट्रीय केन्द्र' म्हणूं. पायथ्याशीं समुद्रांत घुसलेल्या खडकावर एक पांढराशुभ्र किल्लेवजा राजवाडा आहे. ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा धाकटा भाऊ मॅक्सिमिलियन यानें तो हौसेनें बांधविला. पुढें १८६४ सालीं लोकांच्या भरीस पडून तो मेक्सिकोचा बादशहा व्हावयास येथूनच बोटींत बसला, आणि १८६७ सालीं तेथील प्रजासत्ताकाच्या सैनिकांनीं त्याला गोळ्या घालून ठार केलें. त्याच्या पत्नीचें मन भ्रमिष्ट झालें. बरोबर शंभर वर्षांनीं, १९६४ सालीं, हें विद्याकेन्द्र त्रिएस्ते शहरांत सुरू झालें आणि १९६८ सालीं या राजवाड्याच्या उपवनाशेजारीं आलें. राज्य मिळवावयास येथून गेलेला परत आला नाहीं. विद्या मिळवावयास येथें येणारे मात्र अनेक देशांचे लोक सुखरूप घरीं जातात.

केन्द्राचा संस्थापक अब्दुस सलाम. हा फाळणीपूर्वींच्या पंजाबांतील झंग या लहान गांवीं वाढला. केंब्रिजला अपूर्व यश मिळवून १९५१ सालीं तो लाहोरच्या सरकारी कॉलेजांत प्राध्यापक म्हणून परत आला. तेथें काय झालें? संशोधनाची कोणाला गरज नव्हती. आपल्या विषयावर चार शब्द बोलावयास सबंध देशांत कोणी सोबती नव्हता. कॉलेजचें कांहीं जादा काम अंगावर घ्यावें म्हणून त्याच्याकडे फुटबॉलच्या संघाची देखरेख सोंपविण्यांत आली. तीन वर्षें त्यानें काढलीं आणि १९५४ सालीं जड अंतःकरणानें देश सोडून तो केंब्रिजला परतला. देश कीं विद्या, असा पेंच आपणांस पडला तसा दुसऱ्या कोणास पडूं नये, या एका इच्छेंतून त्यानें हें केन्द्र काढविलें. पाओलो बुदिनिच नांवाच्या त्रिएस्तेच्याच प्राध्यापकानें इटलीच्या सरकारास जागा व पैसा द्यावयास लाविलें. सलामची योजना साधी होती. गरीब देशांतल्या संशोधकानें नोकरी आपल्याच देशांत करावी. परंतु कांहीं वर्षांच्या मुदतींत अनेक वेळां येथें येऊन कांहीं आठवडे राहावें, ग्रंथालय वापरावें, बरोबरीच्या लोकांशीं वाद घालावा आणि ताजेतवानें होऊन परत जावें. या लोकांना 'असोशिएट' म्हणतात. माहेरपण म्हटलें तरी चालेल.

शिक्षकी पेशांत जन्म गेल्यामुळें सलामची आणखी एक हकीकत सांगितल्यावांचून मला पुढें जाववत नाहीं. १९७९ सालीं त्याला ग्लॅशो व वाइनबर्ग यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. तेव्हां त्यानें हिंदुस्थान सरकारला विनंति केली कीं, लाहोरच्या सनातन धर्म कॉलेजांत आपल्याला गणित शिकविणारे अनिलेन्द्र गांगुली फाळणीनंतर भारतांत गेले, त्यांचा पत्ता शोधून द्यावा. १९८१ च्या जानेवारींत तो कोलकात्यास त्या वृद्ध, अंथरुणास खिळलेल्या गुरूच्या घरीं गेला आणि तें पदक त्यानें त्यांच्यापुढें ठेविलें. स्वतः सलामच्या वांट्याला मात्र स्वदेशांत काय आलें? तो अहमदिया पंथाचा. १९७४ सालीं पाकिस्तानच्या संसदेनें त्या पंथाला मुसलमान मानण्याचें नाकारलें, आणि १९९६ सालीं तो निवर्तल्यावर त्याच्या थडग्यावरचा 'मुसलमान' हा शब्दही पुसून टाकण्यांत आला. त्रिएस्ते येथें १९९७ पासून सबंध संस्थेलाच त्याचें नांव आहे. याच संस्थेचे संचालक म्हणून नोव्हेंबर २०१९ मध्यें अतीश दाभोलकर यांची नेमणूक झाली. ते कोल्हापूरचे, आणि 'प्रयोग परिवारा'च्या द्वारें द्राक्षबागाईतदारांना विज्ञान शिकविणाऱ्या श्री. अ. दाभोलकरांचे चिरंजीव. हें कळल्यावर संस्थेच्या पायऱ्या चढतांना माझी छाती किंचित् फुगली, हें सांगावयास हरकत नाहीं.

आतां कन्येच्या विषयाकडे वळतों. 'तुमची मुलगी काय करते?' हा प्रश्न मला वाईच्या घाटावर पुष्कळदां विचारला जातो, आणि आजवर मी 'फिजिक्स' एवढेंच म्हणून वेळ मारून नेत असे. आमच्या वडिलांच्या पिढींत 'पदार्थविज्ञान' म्हणजे फिजिक्स. आतां तोच शब्द पदार्थांच्या स्वतंत्र विज्ञानाला लागतो आणि घोटाळा होतो. तिच्या विषयाला 'संघनित द्रव्याचें भौतिकशास्त्र' म्हणतात. वायूंत कण विरळ असतात; घन व द्रव पदार्थांत ते दाटीवाटीनें असतात, आणि दाटीमुळें प्रत्येकाच्या वागणुकीवर सर्वांचा परिणाम होतो. मीठ कां ठिसूळ, तांबें कां लवचिक, कांच कां पारदर्शक, लोहचुंबक कां ओढतो, हे या शास्त्राचे प्रश्न. एकटा अणु ना ठिसूळ, ना लवचिक. हे गुण समुदायाचे आहेत.

हें ऐकतांच माझ्यांतला संस्कृतचा मास्तर जागा झाला. वैशेषिक दर्शनांत दोन परमाणूंचा एक द्व्यणुक होतो, तीन द्व्यणुकांचा एक त्र्यणुक होतो, आणि तोच खिडकींतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपींत तरंगतांना आपल्या डोळ्यांस दिसतो, असें सांगितलें आहे. मीं तें तिला उत्साहानें सांगितलें. ती हसून म्हणाली, "बाबा, कल्पना सुंदर आहे. पण त्यांचा परमाणु मोजतां येत नाहीं." मला तें उत्तर आवडलें. आपल्याकडे अलीकडे प्रत्येक नव्या शोधाचें मूळ आपल्याच पोथ्यांत दाखविण्याची जी घाई दिसते, तिनें ना पोथ्यांचा मान वाढतो, ना शोधांचा. कणादानें प्रश्न उत्तम विचारला, आणि तेवढें श्रेय त्याला भरपूर आहे.

मोजण्याची अडचण कोठें येते, तें तिनें संस्थेच्या उपाहारगृहांत कागदी रुमालावर आंकडे मांडून समजाविलें. अणूमधले इलेक्ट्रॉन क्वांटम शास्त्राचे नियम पाळतात, आणि ते नियम १९२६ पासून ठाऊक आहेत. मग उत्तर कां काढतां येऊं नये? समजा, दहा इलेक्ट्रॉन आहेत. प्रत्येकाची जागा सांगावयास तीन आंकडे, म्हणजे एकूण तीस. प्रत्येक आंकड्यासाठीं नुसत्या दहा-दहा जागा तपासावयाच्या म्हटल्या, तरी एकावर तीस शून्यें इतक्या नोंदी ठेवाव्या लागतील. एवढी वही करावयास पृथ्वीवरचें द्रव्य पुरणार नाहीं; आणि चिमूटभर मिठांतले इलेक्ट्रॉन तर दहा नव्हेत, परार्धांनीं मोजावयाचे.

ही गांठ सोडविली वॉल्टर कोहन यानें. त्याचें चरित्र ऐकून मी त्या रात्रीं बराच वेळ जागा होतों. हा व्हिएन्नाचा यहुदी मुलगा. १९३९ सालीं, महायुद्ध सुरू होण्याच्या अगदीं तोंडावर, मुलांना घेऊन जाणाऱ्या गाडीनें तो इंग्लंडला पोंचला; आईबाप मागें राहिले आणि पुढें ऑश्विट्झच्या छळछावणींत मारले गेले. इकडे इंग्रजांनीं त्याला 'शत्रुराष्ट्राचा नागरिक' म्हणून अटकेंत टाकून कॅनडाला पाठविलें. तेथें छावणींतल्या पंडितांकडून तो गणित शिकला. सुटका झाल्यावर टोरांटोच्या विद्यापीठांत गेला, तर युद्धामुळें रसायनशाळेच्या इमारतींत पाऊल टाकण्यास त्याला बंदी होती! त्याच कोहनला १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें रसायनशास्त्राचें. २०१६ सालीं तो वारला.

१९६४ सालीं पॅरिसमध्यें असतांना त्यानें पिएर होहेनबर्गच्या साहाय्यानें असें सिद्ध केलें कीं, प्रत्येक इलेक्ट्रॉनची स्वतंत्र नोंद ठेवण्याचें कारणच नाहीं. कोणत्या बिंदूपाशीं इलेक्ट्रॉनांची दाटी किती, म्हणजे घनता किती, एवढें कळलें कीं त्या पदार्थाच्या स्थिर अवस्थेचे सर्व गुण तत्त्वतः त्यांतच आले. घनतेसाठीं तीनच आंकडे लागतात. वरच्या हिशेबानें दहाच्या तीन वेळां, म्हणजे हजार नोंदी. एकावर तीस शून्यांच्या ऐवजीं एकावर तीन! जत्रेंतल्या प्रत्येक माणसाच्या मागें पोलीस न लावतां, माथ्यावरून नुसती गर्दी पाहून सर्व कांहीं सांगावें, तसा हा प्रकार. पुढच्याच वर्षीं, लू शाम या तरुण सहकाऱ्याबरोबर, प्रत्यक्ष गणित कसें करावें याची रीतही त्यानें दिली.

त्या रीतींत मला मोठी मौज वाटली. घनता काढावयाची तर इलेक्ट्रॉनांवर कोणतें बल चालतें तें ठाऊक पाहिजे. पण तें बल खुद्द घनतेवर अवलंबून. न्यायशास्त्रांत याला अन्योन्याश्रय म्हणतात आणि तो दोष मानतात. चैत्र कोण? मैत्राचा भाऊ. मैत्र कोण? चैत्राचा भाऊ. येथें वाद संपतो. मीं तसें म्हणतांच कन्या म्हणाली, "पण आम्ही तेथूनच सुरुवात करतों." घनता अंदाजानें धरावयाची, तिच्यावरून बल काढावयाचें, त्या बलावरून नवी घनता काढावयाची, ती जुनीशीं ताडून पाहावयाची, जमत नसेल तर दोहोंचें मिश्रण करून पुन्हां तेंच. फिरत फिरत एक वेळ अशी येते कीं, घातलेली आणि निघालेली घनता एकच ठरते. तेथें थांबावयाचें. आमच्या नैयायिकांनीं ज्या फेऱ्याला भिऊन पाऊल मागें घेतलें, त्याच फेऱ्याला या लोकांनीं घाण्याच्या बैलासारखा कामाला लावला आहे. घाणा अर्थात् संगणकाचा.

तिच्या मेजावर बसून मीं स्वतः एक गणित 'केलें'. सिलिकॉनच्या स्फटिकाचा सर्वांत लहान घटक दोन अणूंचा. रसायनकार्यांत भाग घेणारे इलेक्ट्रॉन आठ. तिनें पंधरावीस ओळींची एक टाचणी तयार केली: अणु कोणते, कोठें, किती सूक्ष्म जाळें. मी कळ दाबली. पडद्यावर एकेक फेरी उमटूं लागली आणि चहाचा पेला ओठांस लागेपर्यंत उत्तर आलें. अशा गणितानें स्फटिकाच्या घनाची बाजू प्रत्यक्ष मापाशीं, म्हणजे ५.४३ ऑंगस्ट्रॉमशीं, शेंकडा एकाच्या आंत जुळते. कोणत्याही प्रयोगाचा आंकडा आंत घातलेला नाहीं! मात्र तिनें लगेच दुसरी बाजूही सांगितली. सिलिकॉनमधून वीज वाहण्यासाठीं इलेक्ट्रॉनांना जी ऊर्जेची फट ओलांडावी लागते, ती मोजली असतां सुमारें १.१ येते; हेंच गणित मात्र ती जवळजवळ निम्मीच सांगतें. कारण इलेक्ट्रॉनांच्या परस्परसंबंधाचा एक अंश कोणालाच तंतोतंत ठाऊक नसून तो अदमासानें घालावा लागतो. संबंध जन्म त्या एका अंशावर घालविलेले लोक आहेत. स्वतःच्या विद्येचा उणेपणा इतक्या सहज सांगणारी विद्या मला तरी आदरणीय वाटली.

दोन अणूंचें गणित चहाइतक्या वेळांत होतें. पण अणु दुप्पट केले तर वेळ आठपट होतो. तिचा प्रश्न शेंकडों अणूंचा. मिठांतल्या सोडियमवर चालणाऱ्या विजेच्या बॅटऱ्या करतां याव्या, म्हणून कोणत्या घन पदार्थांतून सोडियमचे कण वाट काढीत सहज सरकतील, हें ती पाहते. कण सरकतांना पाहावयाचे तर अणु हलले पाहिजेत, आणि ते किंचित् हलले कीं इलेक्ट्रॉनांचा सगळा फेरा पुन्हां करावयाचा. ही दुसरी गांठ १९८५ सालीं याच त्रिएस्ते येथें सुटली. रॉबेर्तो कार व मिकेले पारिनेल्लो या दोघांनीं अशी युक्ति काढली कीं, इलेक्ट्रॉनांच्या तरंगांना एक खोटें वजन द्यावें आणि त्यांना अणूंच्या बरोबरीनेंच चालवावें, म्हणजे प्रत्येक पावलाला थांबून फेरा करण्याचें कारण उरत नाहीं. कार हा तर जन्मानेंही त्रिएस्तेचाच. शेजारची 'सिस्सा' नांवाची पदव्युत्तर शाळा १९७८ सालीं निघाली, तिच्यांत आणि या केन्द्रांत मिळून ही विद्या येथें फोफावली. दर विषम वर्षाच्या जानेवारींत या विषयाचे लोक जगभरांतून येथें जमतात. मी होतों त्या दिवसांतही जमले होते, आणि उपाहारगृहांत नायजेरियाचा तरुण, इराणची मुलगी व जपानी म्हातारे गृहस्थ एकाच वहींत डोकें घालून भांडतांना पाहिले. तेथल्या कॉफीबद्दल एक शब्द: त्रिएस्ते हें कॉफीचें जुनें बंदर आहे आणि कॉफीची परिभाषा तेथें स्वतंत्र आहे. काळी पाहिजे तर 'नेरो' म्हणावें, थोडें दूध पाहिजे तर 'कापो'. शाकाहारी मनुष्याचे हाल होत नाहींत. पण सूप मागण्यापूर्वीं त्यांत डुकराचें मांस नाहीं ना, हें विचारून घ्यावें.

मुक्कामाच्या दुसऱ्या आठवड्यांत बोरा सुटला. पठारावरून समुद्राकडे कोसळणारा हा ईशान्येचा कोरडा, थंडगार वारा. त्याचे झोत कधीं कधीं ताशीं दीडशें किलोमीटरांच्या वर जातात. पूर्वीं रस्त्यांच्या कडेला धरून चालण्यासाठीं दोर बांधीत असत. दोन दिवस आम्ही खोलींतच होतों. तिनें मुगाची खिचडी केली, आणि वारा दारें हलवीत असतां आमचें बोलणें झालें.

"पत्राचें काय ठरविलेंस?" मीं विचारलें.

"बाबा, तेथें आठवड्याला सोळा तास शिकवणें आहे. मोठा संगणक नाहीं. माझ्या विषयाचें दुसरें कोणी नाहीं. येथें राहिलें तर हें सगळें आहे, पण दोन वर्षांनीं पुन्हां अर्ज करावयाचा. आणि कुठून तरी उत्तर येईलच असें नाहीं."

"आणि तुला शिकवावयाला आवडतें का?"

ती पुष्कळ वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "तुमचीच मुलगी ना मी."

मीं कौल दिला नाहीं. तिच्या आईचा निरोप मात्र जसाच्या तसा सांगितला, कारण तो पोंचविण्याचें वचन देऊन आलों होतों. मला स्वतःला विचाराल तर, तिनें घरीं यावें ही ओढ आणि येऊन तिची विद्या वाळून जाईल ही भीति, दोन्ही सारख्याच होत्या. सलामच्या फुटबॉलची गोष्ट मला त्या वाऱ्यांत वारंवार आठवली.

वारा पडल्यावर आम्ही दुइनोला गेलों. त्रिएस्तेहून वीसएक किलोमीटरांवर, समुद्रावर झुकलेल्या कड्यांवर हें लहानसें गांव आहे. तेथील किल्ल्यांत जर्मन कवि रिल्के राहिला होता, म्हणून कड्यावरच्या पायवाटेला त्याचें नांव दिलें आहे. आम्ही मात्र दुसऱ्याच माणसासाठीं गेलों होतों. लुडविग बोल्ट्समान यानें अणूंच्या समुदायाचें गणित प्रथम पायाशुद्ध मांडलें. माझ्या कन्येचें शास्त्र ज्या जोत्यावर उभें आहे, त्यांतले मोठे दगड त्याचे. त्या काळीं माखसारखे वजनदार विद्वान अणु ही केवळ कल्पना आहे असें म्हणत, आणि त्यांच्याशीं झगडण्यांत बोल्ट्समानचीं बरींच वर्षें गेलीं. शरीर थकलें, मनाला विषण्णतेचे झटके येऊं लागले. पत्नी आणि धाकटी मुलगी यांच्यासह तो हवापालट करावयास या दुइनोला आला, आणि १९०६ सालीं ५ सप्टेंबर रोजीं, त्या दोघी बाहेर गेल्या असतां, त्यानें गळफास लावून घेतला. वय बासष्ट. अणु खरे आहेत हें दाखविणारा आइनस्टाइनचा निबंध त्याच्या आदल्याच वर्षीं प्रसिद्ध झाला होता, आणि पेरॅनच्या प्रयोगांनीं उरलासुरला वाद पुढच्या दोनचार वर्षांत मिटविला. विषण्णतेचें कारण विरोध हेंच होतें असें म्हणणें सोपें आहे, पण तो आजार होता, आणि आजाराला नेहमीं कारण लागतेंच असें नाहीं.

कड्यावर बसल्यावर ती म्हणाली, "हा एवढा मोठा माणूस, याला सुद्धां बरोबर बोलावयास कोणी तरी लागत होतें." खालीं पाणी अगदीं स्थिर होतें. मग तिनें आपला बेत सांगितला. तो तिनें आधींच केलेला असावा. गणिताचा जो कार्यक्रम मीं चालविला होता त्याचें नांव 'क्वांटम एस्प्रेसो', आणि तो याच गांवच्या मंडळींच्या पुढाकारानें तयार होऊन सर्व जगाला विनामूल्य खुला आहे; तो भारतांतही तसाच चालेल. लहान गणितांना साधा संगणक पुरतो. मोठ्यांसाठीं आपल्याकडेही आतां 'परम' मालिकेचे महासंगणक ठिकठिकाणीं बसले आहेत. १९९१ सालीं पुण्याच्या सी-डॅकनें पहिला 'परम' केला, त्या नांवांतलें संस्कृत ऐकून मला तेव्हांही बरें वाटलें होतें. वेळ मागून दुरूनही त्यांच्यावर काम करतां येतें. राहिला प्रश्न सोबतीचा. त्यासाठीं तिनें असोशिएट होण्याचा अर्ज करावयाचें ठरविलें होतें, आणि विद्यापीठाला एकच अट घालावयाची होती: निवड झाल्यास उन्हाळ्यांत सहा आठवडे त्रिएस्तेस जाण्याची रजा मिळावी.

पत्र तिनें २९ जानेवारीच्या रात्रीं पाठविलें. भाषा मीं एकदां वाचून पाहिली. एका ठिकाणीं 'विनंति' असा शब्द होता, तेथें 'अपेक्षा' घालण्यास सुचविलें, पण तिनें विनंतिच ठेविली. आठ दिवसांनीं दोन ओळींचें उत्तर आलें. नेमणूक कायम असून रजेचा प्रश्न योग्य वेळीं विचारांत घेतला जाईल, असें त्यांत होतें. 'योग्य वेळ' या शब्दांचा अर्थ चाळीस वर्षें नोकरी केलेल्या मनुष्यास सांगावा लागत नाहीं. तिला मीं तो सांगितला नाहीं.

जुलै महिन्यांत ती रुजू झाली. घर भाड्याचें आहे, पण पुस्तकांना कपाट आहे. सोळा तासांचे पहिल्या सत्रांत अठरा झाले. एम्. एस्सी.च्या वर्गांतले दोन विद्यार्थी, एक बार्शीकडचा मुलगा आणि एक तिथलीच मुलगी, संध्याकाळीं प्रयोगशाळा बंद होईपर्यंत थांबतात आणि तिच्या जुन्या संगणकावर सिलिकॉनचे दोन अणु मांडतात. दिवाळींत ती घरीं आली, तेव्हां तिच्या पेटींत त्रिएस्तेची कॉफी होती आणि असोशिएटच्या अर्जाची प्रत होती. रजेच्या अर्जाला उत्तर अद्याप आलेलें नाहीं.